चंद्राचं वजन

लगद्याचा चंद्र मी तीन रात्री खपून केला.
जुने पेपर, मेथ्या, डिंक.
विवरं अंगठ्याने दाबली,
मोठ्यांसाठी करवंटीचा काठ,
आणि 'समुद्र' म्हणतात त्या सपाट डागांवर
मेणबत्ती घासली, बोट घसरावं म्हणून.
ब्रेलची एक चिठ्ठी उलटी लागली होती,
ती इनासिनने पहिल्या मिनिटात पकडली.

चोडणच्या शाळेत, शेवटच्या तासाला,
ती चंद्र मांडीवर घेऊन बसली,
कलिंगड पिकलंय का बघतात तशी.
"ह्या दर्याक भरती येता?"
नाही गं, तिथं पाणीच नाही.
थोडा वेळ गप्प. मग हळूच,
"बिचारो."

पोदेराकडचे उंडे कापून कला समजावल्या:
अख्खा, अर्धा, चतकोर,
मग रिकामी बशी.
"ही अवस," मी म्हटलं. "अवसेला चंद्र नसतो."
तिने बशीवर हात फिरवला, कडेपासून कडेपर्यंत.
"टीचर, मागीर उदक कोण ओडटा?"

तिचा बाप कायतान खाजनातल्या मानशीवर असतो.
सहाव्या वर्षापासून ती त्या लाकडी दाराला
तळवा लावून उभी राहते.
अष्टमीला भांग, दार आळसावून हलतं.
पुनवेला उधाण, दार आपटतं.
अवसेलाही तितक्याच जोराने.
बावीस वर्षं शिकवतेय मी,
आणि दर महिन्याला एक चंद्र
बशीतून पुसून टाकतेय.
सगुण नार्वेकरला ऐकू येत नाही,
तो माझ्या ओठांकडे बघत होता.
ओठ उघडेच होते, शब्द नव्हता.

त्याआधी आम्ही पणजीला गेलो होतो.
दुर्बीण गच्चीवर.
लिफ्ट पाचव्या मजल्यापर्यंत,
आकाश सहाव्यावर,
मध्ये एकवीस पायऱ्या.
नेव्हिलने त्या खालूनच मोजल्या, खुर्चीत बसून,
आणि म्हणाला, शनी बघून या, मी थांबतो.
कुणीच वर गेलं नाही.
वडे खाल्ले, परत फेरीबोट.
माझ्या अर्जावर उत्तर आलंय:
'विचाराधीन'.

मग दुर्बीण मागून आणली, धक्क्यावर लावली,
तिपाईचे पाय आखडून, खुर्चीच्या उंचीला.
फेरीवाल्याने मेहेरबानीने दिवे मालवले
आणि सगुण एकदम हरवला.
हातांनी बोलतो आम्ही, अंधारात हात कुठले?
दुकानातून लाल जिलेटिनचा कागद आणला,
बॅटरीला गुंडाळला.
लाल उजेडात माझी बोटं म्हणाली: कडं. बर्फ. दगड. लांब.
किती लांब, त्याने विचारलं.
त्याला आमच्याकडे खूण नव्हती.
त्याने केली: मूठ छातीवरून निघाली,
हात संपला, तरी तो बघत राहिला पुढे.

अवसेच्या रात्री मानशीवर गेलो.
बांध ओला. नेव्हिलची चाकं
पहिल्याच वळणाला रुतली.
तो रस्त्यावर राहिला, बॅटरी मांडीवर.
(हे मी आधी बघायला हवं होतं.
बघितलं नव्हतं.)

मी दाराला हात लावला. ओलं लाकूड, शेवाळ, बाकी काही नाही.
"राव," इनासिन म्हणाली. "रावूंक जाय."
डास. कुठेतरी खेकडा डबक्यात पडला.
मग लाकूड तळव्यात भरून आलं,
आधी कुजबुजल्यासारखं,
मग कुणी खांदा लावावा तसं,
आणि दार मिटलं, धाडकन.
सगुण माझ्याआधी उडाला.
लाल उजेडात त्याने मूठ छातीकडे ओढली,
तीच खूण, उलटी.

"आयलो?" नेव्हिल रस्त्यावरून ओरडला.
"आयलो!" इनासिन ओरडली,
वर काळंभोर, एक कोरही नाही.

घरी येऊन वहीतलं वाक्य खोडलं.
लिहिलं: अवसेला चंद्र दिसत नाही.
'दिसत' खाली रेघ मारली,
मग रेघ जरा जाड केली.

कायतान म्हणालाय, पुढच्या अवसेआधी
बांधावर फळ्या टाकू, रस्त्यापासून मानशीपर्यंत.
तारीख लिहून घेतलीये.
फळ्या किती लागतील, ते नेव्हिल मोजतोय.